हवेवर ठेवलेला हात

१

मावशींनी फोन माझ्या हातात दिला तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. फोटो बघून झाल्यावर माझाही थरथरायला लागला. त्यामुळे थोडा वेळ तो फोन आमच्या दोघांच्या मध्ये नुसताच हलत राहिला.

फोटो साधा होता. मावशी आपल्या वेताच्या खुर्चीत बसल्या आहेत, मांडीवर विणकाम आहे, चेहऱ्यावर स्वतःचा फोटो स्वतःच काढताना येतो तो संशय आहे. आणि खुर्चीमागे एक माणूस उभा आहे. तिशीतला, दाट केसांचा, जाड मिशीचा, घारीच्या पंखांएवढ्या कॉलरचा शर्ट घातलेला. तो सरळ आपल्याकडे बघतोय. त्याचा उजवा हात मावशींच्या खांद्यावर आहे.

मी विचारलं, "कोण आलं होतं तुमच्याकडे?"

"कोणी नाही," मावशी म्हणाल्या. "मी एकटीच होते."

मावशी म्हणजे आमच्या शेजारच्या बैठ्या घरात एकट्या राहणाऱ्या, बालवाडीच्या निवृत्त बाई. अख्ख्या गल्लीचं नाक त्यांनी लहानपणी पुसलेलं असल्यामुळे त्यांच्यापुढे कोणी नाक वर करून बोलत नाही. घाबरणं हा त्यांचा विषय नव्हे, तो माझा. म्हणूनच त्या घाबरल्यावर माझी पाचावर धारण बसली.

हे सगळं वाचनालयाच्या माडीवरच्या वर्गापासून सुरू झालं. ज्येष्ठांनी फोनवरून फोटो कसे पाठवावेत, त्यांचा अल्बम कसा करावा, फोटोत काटछाट कशी करावी, हे तिथे दर आठवड्याला शिकवतात. शिकवणारी मुलगी आमच्या निम्म्या वयाची, पण शिकवते म्हणून आम्ही तिला ताई म्हणतो. तिने गृहपाठ दिला होता 'माझं घर'. मावशींनी घराच्या कानाकोपऱ्याचे फोटो काढले: गल्ली, फाटक, पुढचं दार, मागचं दार, कुंड्या, खुर्ची. त्यांचा अल्बम दंतवैद्य डॉक्टरांनी उघडून दिला होता. डॉक्टर आमच्याच वर्गात आहेत, पण विद्यार्थी म्हणून नव्हे, तर ताईचं कुठे चुकतंय ते बघायला. 'माहीत नाही' हे दोन शब्द त्यांच्या तोंडातून कोणी ऐकलेले नाहीत. दवाखाना बंद केला तेव्हा रुग्णांची खुर्ची त्यांनी घरी आणली, आणि आता तिच्यात रेलून ते पेपर वाचतात. मध्यंतरी त्यांचीच दाढ सुजली. दुसऱ्या दंतवैद्याकडे जायच्या भीतीने ते गाल धरून घरी बसले आणि एक तास बुडवला. वर्गाने त्या तासात बरंच शिकून घेतलं.

मावशी मला मागचे फोटो दाखवत गेल्या. पुढच्या दाराच्या फोटोत तोच माणूस पायरीवर उभा होता. त्याआधीच्या फोटोत फाटकाशी, जरा लहान. त्याच्याही आधीच्या फोटोत गल्लीच्या पार टोकाला, मुंगीएवढा.

"मी काढले तेव्हा या फोटोंत कोणी नव्हतं," मावशी म्हणाल्या. "आठवड्यागणिक जवळ येतोय तो. गल्ली, फाटक, दार, खुर्ची. आता पुढच्या फोटोत कुठे उभा राहील?"

२

आमची ही विमा कंपनीत दाव्यांचे फोटो तपासायची. जळलेली दुकानं, चेपलेल्या गाड्या, बुडालेली गोदामं. आग लागायच्या आधीच दुकानातला माल हलवलाय, हे ती राखेच्या फोटोवरून सांगायची. कचेरीत तिला भिंगबाई म्हणत. घरी तिला काही म्हणायची माझी प्राज्ञा नाही.

तिने मावशींना आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसवलं, चहा दिला आणि खरोखरीचं भिंग काढलं. एकेक फोटो तिने त्याखालून घातला. मग मला टेप घेऊन मावशींच्या घरी पाठवलं आणि खुर्चीमागे किती जागा आहे ते बघून यायला सांगितलं. मी गेलो, दारातूनच बघितलं आणि परत आलो. खुर्ची भिंतीला टेकलेली होती. मागे माणूस सोडा, पुठ्ठाही उभा राहिला नसता.

"म्हणजे चिकटवलाय," ही म्हणाली.

मला एकदम हलकं वाटलं. भूत नव्हतं. तसं मी बोलून दाखवल्यावर हिने भिंगातून माझ्याकडे पाहिलं.

"अहो, भूत असतं तर बरं होतं. हा हाडामांसाचा कोणीतरी आहे. त्याला मावशींचा अल्बम उघडता येतो, आणि मावशी घरात काय करतात यावर त्याचा डोळा आहे."

माझं हलकं वाटणं तिथेच संपलं.

खरी गोम पुढे होती. कुठला फोटो कोणी टाकला याची नोंद अल्बमात असते, आणि त्या माणसाच्या प्रत्येक फोटोखाली मावशींचंच नाव होतं. मावशींच्या चिरंजीवांनी नेमकं हेच पकडलं होतं. चिरंजीव दुसऱ्या गावी संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. आई, हे तूच करतेस आणि विसरतेस, असं त्यांचं म्हणणं. या वयात असं होतं म्हणे. आता एकटीने राहायचं नाही, घर विकायचं, शनिवारी दलाल घर बघायला येईल, असं ठरवूनही टाकलं होतं. मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा उलट उत्तर दिलं नव्हतं, कारण रात्री दिवा घालवायची त्यांना भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती चिरंजीवांचं खरं निघण्याची होती.

"घर जाईल तर जाऊ दे," त्या हिला म्हणाल्या. "पण माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही, तेवढं मला शनिवारच्या आत सांग."

३

हिने आधी चिरंजीवांना फोन लावला. घर विकलं तर त्यांच्या मनासारखं होणार, म्हणून माझा सगळा संशय त्यांच्यावर होता, आणि दुरून संशय घ्यायला मी घाबरत नाही. हिने मात्र त्यांना एकच गोष्ट विचारली, ती म्हणजे फोटोतला माणूस मोठा करायला किती वेळ लागतो. चिरंजीव दुखावले. चहाचा घोट घ्यायच्या आत करून दाखवतो, म्हणाले. हिने आभार मानून फोन ठेवला.

मग स्टुडिओवाले. हे आमच्या वर्गातले तिसरे वल्ली. चाळीसेक वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नात न आलेल्या आत्यांना ब्रशने ग्रुपफोटोत बसवणं हा त्यांचा हातखंडा. जुन्या काळच्या माणसांचे फोटो त्यांच्याकडे खोक्यांनी पडलेले, आणि फोनवाल्यांनी त्यांचा धंदा बसवला याचा राग त्याहून मोठ्या खोक्यात.

त्यांनी फोटो पाहिला आणि नाक मुरडलं. "असलं भिकार काम माझ्या हातून मेलो तरी व्हायचं नाही. उभा केलाय माणूस, पण उभा कशावर? खुर्चीची सावली बघा, कुंडीची बघा, मावशींच्या नाकाचीसुद्धा बघा. याची कुठाय?"

आम्ही सगळे फोटो पुन्हा बघितले. प्रत्येक वस्तूची सावली पडली होती. फाटकाच्या गजांचीसुद्धा, बारीक, एकेक. त्या माणसाची मात्र कुठेच नव्हती. ऊन त्याच्यातून आरपार गेल्यासारखं.

भूत नाही हे मला बुद्धीला पटलं होतं. पाठीच्या कण्याला ही बातमी अजून पोचली नव्हती. त्या दिवसापासून मी आमच्या मागच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे आणायला जाणं बंद केलं. हिने कारण विचारलं तेव्हा हवा ढगाळ आहे म्हणालो. मी हवामान खात्यातून निवृत्त झालो असल्यामुळे तिने अर्थातच विश्वास ठेवला नाही.

शेवटी ताई. पासवर्ड कोणाला माहीत असेल, असं हिने विचारल्यावर ताई हसूच लागली. मावशी पासवर्ड मोठ्याने म्हणत म्हणत टाइप करतात, बालवाडीत बाराखडी म्हणून घ्यावी तशा, ठसक्यात. अख्ख्या वर्गाला तो पाठ आहे. दोघांतिघांनी तर तालात बसतो म्हणून स्वतःसाठीही तोच घेतला आहे.

म्हणजे नोंदीत मावशींचं नाव असलं, तरी हात वर्गातल्या कोणाचाही असू शकत होता. माझी मान आपोआप मागे वळली. मागे वर्गाचीच बाकं होती, रिकामी.

"आत्तापर्यंत काय काय शिकवलंस, ते क्रमाने सांग," ही ताईला म्हणाली.

ताईने सांगितलं. आधी जुना, कागदावरचा फोटो फोनने टिपायचा. मग त्यातला माणूस कापून दुसऱ्या फोटोत चिकटवायचा. मग त्याला लहानमोठा करायचा. मग त्याला सावली द्यायची. आणि शेवटी जुन्या फोटोचा पिवळेपणा घालवून रंग जुळवायचे.

हिने खुर्चीचा फोटो पुन्हा उघडला आणि भिंग त्या माणसाच्या शर्टावर धरलं. फाटकाच्या फोटोत तो शर्ट हळदीसारखा पिवळा होता. इथे पांढराशुभ्र.

"म्हणजे रंगाच्या तासाला हजर होता," ही स्वतःशीच म्हणाली.

मला काही कळलं नाही. मी एवढंच बघितलं की ते बोलल्यावर तिने भिंग मिटून पिशवीत टाकलं. विम्याच्या दिवसांत हे चिन्ह कोणातरी दुकानदाराला महागात पडत असे.

४

गुरुवारी दुपारी हिने मावशींना मागच्या दाराचा नवा फोटो काढून अल्बमात टाकायला लावला. मग आम्ही तिघं त्यांच्या स्वयंपाकघरात वाट बघत बसलो. फोन टेबलावर उताणा ठेवला होता. हिने आणि मावशींनी भिंतीकडच्या खुर्च्या पटकावल्यामुळे मला मागच्या दाराकडे पाठ करून बसावं लागलं.

दुपार टळत आली. मावशी विणत होत्या आणि टाके चुकत होत्या. फ्रिज मध्येच घुरघुरायचा आणि मी उठून बसायचो. मग ही म्हणाली, "गेला."

अल्बमातून मागच्या दाराचा फोटो नाहीसा झाला होता. तिघांपैकी कोणाचाही हात फोनजवळ नव्हता. मावशींनी आपले दोन्ही हात सुयांसकट वर धरले आणि आम्हा दोघांना दाखवले, चोरीचा आळ आलेलं मूल दाखवतं तसे. मग त्या रडायला लागल्या. आपलं डोकं ठिकाणावर आहे, याचा तो पहिला पुरावा होता.

थोड्या वेळाने फोटो परत आला. मागचं दार, कुंड्या, पायपुसणं. आणि दाराला पाठ लावून तो. पुरुषभर उंच, पांढऱ्या शर्टात, आमच्याकडे बघत.

तेच दार माझ्या पाठीमागे होतं, हाताच्या अंतरावर. मी वळून बघितलं नाही. वळून बघायला धैर्य लागतं आणि न बघायलाही लागतं, पण दुसऱ्यात खुर्ची सोडावी लागत नाही.

ही मात्र उठली. "अहो, इथे या. दारापाशी उभे राहा. त्याच्यासारखे."

मला उभं राहावं लागलं. फोटोतल्या माणसाचा उजवा हात छातीच्या उंचीवर, बाजूला पुढे केलेला होता. मावशी फोटोत होत्या तेव्हा तो खांद्यावर ठेवल्यासारखा दिसला. इथे खाली कोणीच नव्हतं. हात हवेवर ठेवलेला होता, आणि बोटं वाटी धरावी तशी वळलेली. मी तसाच हात धरून उभा राहिलो. दाराची कडी मला पाठीत टोचत होती आणि बाहेरून ती कोणी हलवली असती तर मी तिथेच संपलो असतो.

"मूळ फोटोत हा हात कशावर तरी होता," ही म्हणाली. "टेबल नाही, टेबलावर तळवा सपाट पडतो. स्कूटर नाही, ती खाली असते. काहीतरी गोल, गुबगुबीत, आणि ज्याचा अभिमान वाटावा असं."

मग ती जरा वेळ माझ्या हाताकडे बघत राहिली, आणि स्वतःच्या गालावर हात ठेवून म्हणाली, "माझी दाढ दुखतेय."

हिची दाढ जन्मात दुखलेली नाही. तिच्या दातांना ती परवानगीच नाही.

५

डॉक्टरांनी दार उघडलं. दाढ म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी आपण होऊन तोंड उघडायला आलं होतं. त्यांनी खुर्चीतला पेपर बाजूला केला आणि हिला बसवलं. ही आरामात रेलली, डोकं मागे टेकवलं, आणि मग उचलून पुढे घेतलं.

"अहो, इथे हात ठेवा बरं."

डोकं टेकायची ती गादी गोल, गुबगुबीत होती. माझा तळवा तिच्यावर जसाच्या तसा बसला. बोटं आपोआप वाटीसारखी वळली. उंची छातीएवढी.

डॉक्टरांनी ते पाहिलं आणि ते भिंतीजवळच्या स्टुलावर हळूच बसले. त्यांच्या डोक्यावर एकही केस नाही, मिशी त्यांनी कधीच काढली. तरी मला पहिल्यांदाच त्या गुळगुळीत चेहऱ्यामागे तिशीतला माणूस दिसला. आम्ही त्याला रोज भेटत होतो आणि कोणीच ओळखलं नव्हतं.

"दवाखान्याच्या पहिल्या दिवशीचा फोटो असणार," ही म्हणाली. "नवी कोरी खुर्ची, तिच्यावर हात." मग तिने विम्याचा दावा फेटाळताना काढायची तशा थंड आवाजात हिशेब मांडला. चिरंजीवांनी हे केलं असतं तर एका बैठकीत झालं असतं. तो माणूस जवळ येत नव्हता, करणारा दर आठवड्याला थोडं थोडं शिकत होता. मोठा कसा करायचा हे येत नव्हतं तोवर तो गल्लीच्या टोकाला मुंगीएवढा राहिला. म्हणजे वर्गातला विद्यार्थी. स्टुडिओवाले असते तर त्यांनी सावली आधी दिली असती आणि माणूस नंतर. रंगाचा तास सावलीच्या नंतरचा. याला रंग जुळवता येतो, पण सावली देता येत नाही. म्हणजे त्या एकाच तासाला हा घरी होता.

"गाल धरून," मी म्हणालो. या तपासात मी घातलेली भर एवढीच.

ही खुर्चीतून उठली. "डॉक्टर, त्या बाईला रात्री झोप नाही. परवा घर विकायला निघाल्यात. का घाबरवताय तुम्ही त्यांना?"

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

"त्यांना नव्हतो घाबरवत," ते म्हणाले. "दुसऱ्याला घाबरवत होतो."

६

त्यांनी फोन काढून आम्हाला पडद्याचे टिपून ठेवलेले फोटो दाखवले. मावशींच्या अल्बमात चित्रांखाली लोकांना शेरे लिहिता येतात, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मागच्या दाराच्या पहिल्या फोटोखाली एका बिननावाच्या माणसाने लिहिलं होतं: 'छान घर आहे. एकट्याच असता का?' कुंड्यांच्या फोटोखाली: 'मागच्या दाराला कुलूप आहे की नुसती कडी?'

मला माझ्या पाठीत टोचलेली कडी आठवली. नुसतीच होती.

अल्बम उघडून देताना डॉक्टरांनी तो सगळ्या जगासाठी उघडा ठेवला होता. चूक लक्षात आली ती हे शेरे वाचल्यावर. ते पुसून टाकले, पण अल्बम बंद कुठून करायचा ते काही केल्या सापडेना. ताईला विचारायचं तर वर्गासमोर माहीत नाही म्हणावं लागणार. मावशींना सांगायचं तर चूक कोणाची, हेही सांगावं लागणार. म्हणून त्यांनी जे येत होतं ते केलं. घरात एक पुरुष उभा केला.

"आत्ताचा मी कोणाला घाबरवणार?" ते म्हणाले. "तेव्हाचा बरा दिसायचो. ते फोटो मावशींनाही दिसतील हे मला... मला वाटलं त्या जुने फोटो उघडून बघत नसतील."

"आणि तो?" हिने विचारलं. "त्याने पुढे काय लिहिलं?"

डॉक्टरांनी शेवटचं चित्र दाखवलं. खुर्चीचा फोटो. खाली त्याच बिननावाच्या माणसाचे चार शब्द: 'घरात पुरुषमाणूस असतो वाटतं.' त्यानंतर तो पुन्हा आला नव्हता.

आम्ही मावशींना तिथेच बोलावून घेतलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग त्यांनी डॉक्टरांना बालवाडीतल्या आवाजात, कान न धरता पण धरल्यासारखं, असं काही सुनावलं की ते स्टुलावरून उठून उभे राहिले आणि बराच वेळ उभेच होते. इतके दिवस मला वेडी ठरवलंत, याची भरपाई नाही, असं त्या म्हणाल्या. आपल्या घराची किल्ली त्यांनी पदरात घट्ट धरली होती. चिरंजीवांना त्यांनी तिथूनच फोन लावला आणि दलालाला यायची गरज नाही हे ठणकावून सांगितलं. मग टिपलेले शेरे घेऊन आम्ही पोलिसांकडे गेलो. त्यांनी ते ठेवून घेतले. तो कोण होता ते कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही. मावशींच्या मागच्या दाराला आता दोन कुलपं आहेत. आमच्याला तीन.

पुढच्या वर्गात ताईने मावशींचा अल्बम बंद करून दिला. एकदा बोट टेकवायचं काम होतं. पासवर्डही बदलून दिला, आणि नवा मावशींनी ओठ मिटून टाइप केला, त्याला बराच वेळ लागला. मग डॉक्टरांचे सगळे फोटो पुसायचं ठरलं. गल्लीतला गेला, फाटकातला गेला, पायरीवरचा गेला, खुर्चीमागचा गेला. मागच्या दाराच्या फोटोवर मात्र मावशींनी ताईचा हात धरला.

त्या थोडा वेळ त्या कॉलरवाल्या माणसाकडे बघत राहिल्या. मग मागे वळून शेवटच्या बाकाकडे बघितलं.

"हा राहू दे," त्या म्हणाल्या. "पण असा बघवत नाही. याला सावली तेवढी द्या."

डॉक्टर हळूहळू उठले. त्यांनी हात वर केला, शाळेतल्यासारखा, खांद्याच्याही वर. त्याची सावली पुढच्या बाकापर्यंत पडली.

"ताई," ते म्हणाले, "सावली कशी देतात, ते मला माहीत नाही."